कोऱ्या गाडीची पहिली फेरी

मित्रांनो, बावड्याहून नरसिंहपूरला जाताना एका वाडीत छोटा दवाखाना लागतो. त्याच्या मागं चिंचेखाली एक पांढरी गाडी हवा गेलेल्या चाकांवर उभी असते. तिच्या टपावर कोंबड्या बसतात आणि पुढच्या काचेला तडा गेलाय. तीच मी, एक जुनी रुग्णवाहिका. तसं पाहिलं तर माझं वय फार नाही, पण आपल्याकडच्या रस्त्यांनी माझे सांधे लवकर खिळखिळे केले. तुम्हाला वेळ असेल तर थोडं ऐका. माझी गोष्ट मजेची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म जपानचा. हातमोजे घातलेल्या कामगारांनी मला जोडलं, पुसलं, तपासलं आणि जहाजावर चढवलं. दारावर लाल गोळा काढला आणि खाली लिहिलं, 'जपानच्या जनतेकडून भेट'. १९९३च्या पावसाळ्यात मुंबईच्या गोदीत मी उतरले. आम्हा गाड्यांची रांग पाहायला जपानचे राजदूत स्वतः आले होते. त्यांचं नाव शिगेजी ओनुकी. बुटका, रुंद खांद्यांचा म्हातारा, पांढरे केस चापून बसवलेले. बाकीचे लोक बॉनेट थोपटत होते, हे मात्र मागचं दार उघडून आत चढले आणि रोग्याच्या स्ट्रेचरवर जाऊन बसले. माझी मायबोली जपानी, म्हणून ते काय पुटपुटले ते मला समजलं. "गादी जरा कडक आहे. पण आमच्या त्या घसरगाडीपेक्षा बरी."

त्या वाक्याचा अर्थ मला पुढं कळला.

वाडीतल्या आरोग्य मंडळाच्या वाट्याला मी आले. मंडळाचे अध्यक्ष दादासाहेब. ऊस बागायतदार, बोलायला गोड, माणूस वाईट नव्हे. दवाखाना त्यांनीच उभा केला होता. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की माझ्यासाठी त्यांनी खास पत्र्याची शेड बांधली, माझ्या सीटांवरचं प्लॅस्टिक काढू दिलं नाही आणि समोर आडवी लाल फीत बांधली. "उद्घाटन राजदूतांच्या हातनंच व्हनार," त्यांनी जाहीर केलं. "आन् कोऱ्या गाडीची पहिली फेरी देवाची. सायबाला बसवून नरसिंहपूरला न्यायची, नरसिंहाच्या पायरीवर नारळ फोडायचा, मग रोगी. पहिल्याच फेरीला आजारी मानूस घातला तर गाडीला तीच सवय लागंल!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मित्रांनो, मी रुग्णवाहिका. आजारी माणूस हीच माझी सवय. पण मला कोण विचारतो?

माझा ड्रायव्हर मानसिंग. त्याच्या बापानं मेंढरं राखली, ह्यानं आधी ट्रॅक्टर चालवला आणि मग मंडळाची नोकरी धरली. खाकी कपडे मिळाल्यापासून तो ताठ चालू लागला होता. रोज सकाळी तो मला फडक्यानं पुसायचा. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू करायचा, जरा वेळ तसंच ठेवायचा आणि बंद करायचा. चाक मात्र हलवायचा नाही. किल्ली त्याच्याच खिशात असायची. त्याची मुलगी छकुली शाळा सुटली की शेडमध्ये यायची आणि माझ्या आरशात बघून वेडीवाकडी तोंडं करायची. "आबा, हिचा भोंगा वाजवा की एकदा," ती म्हणायची. मानसिंग म्हणायचा, "सायेब आल्यावर."

दसऱ्याला साहेब येणार असं ठरलं. आदल्या दिवशी पुण्याहून दुभाषी बाई आली, वैष्णवी नावाची. जपानी शिकलेली, साधीशी, डोक्याला सतत रुमाल बांधणारी. साहेबांचा परिचय मराठीत करून द्यायचं काम तिच्याकडं होतं. ती माझ्या सावलीत बसून मोठ्यानं सराव करत होती आणि मानसिंग फडकं हातात धरून ऐकत होता. ओनुकींचं आयुष्य आम्हा दोघांना असं समजलं.

उत्तर जपानमधल्या एका डोंगराळ गावात ते जन्मले. बाप कोळसा पाडायचा. हिवाळ्यात बर्फ घराच्या वळचणीला लागायचा आणि गाव जगापासून तुटायचं. एका हिवाळ्यात त्यांच्या धाकट्या बहिणीचं, हानाचं, पोट दुखायला लागलं. डॉक्टर खिंडीपलीकडं. बापानं आणि त्यांनी तिला लाकडी घसरगाडीवर बांधलं आणि बर्फातून ओढत नेलं. खिंडीच्या माथ्यावर पोचेपर्यंत पोर गेली होती. युद्ध संपलं, ओनुकी मोठे झाले, गावच्या पंचायतीत निवडून आले, मग जिल्ह्यात, मग थेट संसदेत. दर निवडणुकीत त्यांनी एकच सांगितलं, की माझ्या मुलखात पुन्हा कुणाची हाना रस्त्यात मरणार नाही. रस्ते केले. खिंडीखालून बोगदा काढला. खेड्यापाड्यात दवाखाने काढले. आरोग्यमंत्री झाले. पुढं पक्षातल्या एका बड्या नेत्याशी बिनसलं, मंत्रिपद गेलं आणि दूर पाठवायचं म्हणून त्यांना राजदूत करून भारतात पाठवलं.

"लई मोठा मानूस," मानसिंग म्हणाला. "बहिनीसाठी केलं म्हना की समदं."

"हो," वैष्णवी म्हणाली, "भाषणात ते हेच सांगतात. लोक रडतात."

आणि दसऱ्याच्या सकाळी निरोप आला. राजदूत तातडीनं मायदेशी गेले आहेत, दौरा पुढं ढकलला. त्यांच्या देशात त्या वर्षी सरकारं एकामागून एक गडगडत होती आणि ओनुकींना पुन्हा मंत्रिपदाची आशा लागली होती. मांडव सोडला, लाडू वाटले, माझी फीत तशीच राहिली. संक्रांतीला येणार म्हणाले, तेही हुकलं. शिमग्याच्या आधीची तारीख ठरली. माझ्यावरचं प्लॅस्टिक पिवळं पडायला लागलं. मधल्या काळात वाडीतले रोगी बैलगाडीनं गेले, एसटीनं गेले, दुधाच्या टेम्पोत कॅनना टेकून गेले. शेडवरून जाताना ते माझ्याकडं कौतुकानं बघायचे. कुणी रागावलं नाही. तारीख ठरलेलीच आहे, मग गाडी मिळणारच, असं सगळे धरून चालले होते.

शिमग्याच्या आधीची तीही तारीख मोडली आणि त्याच आठवड्यात ते घडलं.

दुपारची वेळ. छकुली शेळीला पाला आणायला उसाच्या कडेनं गेली होती. तिथं तिच्या पिंढरीला घोणस चावली. तिची आई तानूबाई तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात पळत आली. नर्स मुक्ताबाईंनी जखम पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. "हितं लस न्हाय. इंदापूरला न्या. आत्ताच्या आत्ता. येळ घालवू नका."

तानूबाई पोरीला घेऊन शेडमध्ये आली. मानसिंग माझ्यापाशीच होता. छकुलीचा पाय सुजत चालला होता, पण ती शुद्धीवर होती. तिनं माझ्याकडं बघितलं. "आबा, ह्या गाडीतनं?"

मानसिंगनं खिशातून किल्ली काढली. ती त्याच्या हातात होती मित्रांनो, मी बघत होते. पहाटेच त्यानं इंजिन चालू करून पाहिलं होतं, टाकीत डिझेल होतं, एक झटका दिला असता की मी निघाले असते. त्यानं फितीकडं बघितलं आणि तो थबकला.

"पहिली फेरी देवाची अस्ती, तानू," तो म्हणाला. "दादासायबांस्नी न इचारता कसं... हितंच थांब. ह्यो गेलो आन् ह्यो आलो."

"अवं, काय इचारायचं त्यात! पोर बघा की!"

तो पळाला. दादासाहेबांचा बंगला मळ्याच्या टोकाला. ते घरी नव्हते. राजदूतांची नवी तारीख मिळवायला जीप घेऊन बारामतीला गेले होते. त्यांच्या पत्नी विजयमालाबाई ओसरीवर आल्या. त्यांनाही काही सुचेना. "मी कसं सांगू रे, मानसिंग? ह्यांनी सगळ्यांना बजावलंय, हात लावायचा न्हाय म्हणून. जरा थांब, येतीलच." मानसिंग तिथं थांबला. किती वेळ थांबला ते मला माहीत नाही. मला इतकंच माहीत आहे की माझ्या बॉनेटला टेकून बसलेल्या तानूबाईच्या मांडीवर छकुलीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि ती आईला म्हणाली, "मला दिसंना गं." मला त्या वेळी माणसासारखा घसा असता तर मी किंचाळले असते. माझा भोंगा टपावर गप्प बसून होता.

शेवटी रस्त्यानं जाणारा उसाचा ट्रॅक्टर तानूबाईनंच आडवा धरून थांबवला. मानसिंग परत आला तेव्हा ट्रॅक्टर निघाला होता. तो मागून धावत जाऊन ट्रॉलीत चढला. पुढं उसाच्या गाड्यांची रांग, खड्डे, कालव्याचं वळण. इंदापूर आलं तेव्हा छकुली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दादासाहेब मानसिंगच्या घरी बसायला गेले आणि परत येताना दोघं शेडशी थांबले. दादासाहेबांचे डोळे खरंच ओले होते. त्यांनी मानसिंगच्या खांद्यावर हात ठेवला. "आरं, तू गाडी काढायचीस की. मी काय न्हाय म्हनलो असतो व्हय? मी काय रागावलो असतो?"

नाही म्हणणारं त्या दिवशी कुणीच नव्हतं, हे मानसिंगला तेव्हा कळलं आणि ते ओझं त्याच्या पाठीवरून पुन्हा कधी उतरलं नाही. दुसऱ्या सकाळी तो कामावर आला, त्यानं मला पुसलं, इंजिन चालू करून बंद केलं. आरशापाशी मात्र त्याचा हात गेला नाही. आरसा पुढं बरेच दिवस धुळीनं भरलेला होता.

वैशाखाच्या भर उन्हात ओनुकीसाहेब एकदाचे आले. मांडव, तोफा, लेझीम, फेटे. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत तानूबाई येऊन बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण उठवायची हिंमतही कुणाला झाली नाही. वैष्णवीनं परिचय करून दिला. मग साहेब उठले आणि हळूहळू बोलू लागले. घसरगाडी, बर्फ, हाना. मी त्यांचं मूळ जपानी ऐकत होते. फार सफाईदार होतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, कुठं चष्मा काढायचा, सगळं जागच्या जागी. चाळीस वर्षं सांगून सांगून ती गोष्ट गुळगुळीत झाली होती. "खिंडीपाशी एखादं वाहन असतं," ते म्हणाले, "तर माझी बहीण आज म्हातारी झालेली मी पाहिली असती. म्हणून ही गाडी."

बायकांनी पदर डोळ्याला लावले. तानूबाई उभी राहिली.

"सायेब," ती म्हणाली. माईक नव्हता, पण मांडवात सगळीकडं ऐकू गेलं. "तुमच्या बहिनीला गाडी न्हवती म्हून ती गेली. माझ्या छकुलीला गाडी हुती. हितंच हुबी हुती. अशीच, ह्या फितीत. तुमची वाट बघत."

दादासाहेब घाईनं उठले. "तानूबाई, खाली बसा. वैष्णवीबाई, ते सांगू नका. घरातलं दुखणं हाय त्यांचं."

पण म्हाताऱ्यानं वैष्णवीकडं वळून विचारलं, ती काय म्हणाली. वैष्णवीनं डोक्याचा रुमाल सोडला, हातात घट्ट धरला आणि सांगितलं. मी साक्षीला आहे, तिनं एकही शब्द मऊ केला नाही.

"हे कधी झालं?" त्यांनी विचारलं. शिमग्याच्या आधी, असं उत्तर मिळालं. त्यांनी मनाशी हिशेब केला असावा, कारण त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. मग हात बाजूला सोडून ते तानूबाईसमोर कमरेत वाकले. फार वेळ तसेच वाकून राहिले. मंडपातल्या लोकांना वाटलं, ही जपानची नमस्काराची रीत आहे. मागच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या. बँडवाल्यानं ताशावर काठी टाकली. तानूबाई त्या टाळ्यांत उभी होती आणि ते वाकलेले होते.

कुणीतरी तबकातली कात्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी फीत कापली. काय करणार? आयुष्यभर तेच काम केलेलं, हात आपोआप चालला. त्याचा फोटो अजून मंडळाच्या कार्यालयात आहे.

दादासाहेब म्हणाले, आता नरसिंहपूर. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "ज्या मुलीला न्यायला हवं होतं तिच्या घरापासून निघू," ते म्हणाले, "आणि जिथं पोचायला हवं होतं तिथं जाऊ." त्यांनी तानूबाईला हातानं आत यायची खूण केली. तिनं मागं पाऊल घेतलं. "आता कशाला?" इतकंच म्हणाली आणि घराकडं चालू लागली.

म्हणून माझी पहिली फेरी मानसिंगच्या दारातून निघाली. पुढं मानसिंग, मागं स्ट्रेचरवर ओनुकी आणि शेजारी वैष्णवी. रस्ता तोच, खड्डे तेच. पण माझं इंजिन कोरं होतं आणि भोंगा ऐकून उसाच्या गाड्या बाजूला होत होत्या. अर्ध्या तासाच्या आत इंदापूरच्या दवाखान्याच्या फाटकात आम्ही उभे होतो.

मानसिंगनं इंजिन बंद केलं. मग त्यानं स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. इतके दिवस तो स्वतःला समजावत होता की गाडी काढली असती तरी पोहोचलो नसतो. तेवढाच एक आधार त्याच्याकडं उरला होता आणि आम्ही तो काढून घेतला. ओनुकींच्या हे लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. भलं करायला गेलेला माणूस असा घाव घालतो, हे मी त्या फाटकात पाहिलं आणि मला त्यांचाही फार राग आला.

मागं बसून ते वैष्णवीला हळू आवाजात सांगत होते. "शिमग्याच्या आधीच्या त्या आठवड्यात मी तोक्योत पक्षाच्या कचेरीबाहेर बाकावर बसलो होतो. कुणीतरी आत बोलावेल म्हणून. रोज." जरा वेळानं ते म्हणाले, "हानाचा चेहरा मला आठवत नाही. किती वर्षं झाली. गोष्ट तेवढी पाठ आहे."

वैष्णवीनं हे कुणाला सांगितलं नाही. मला ऐकू आलं, म्हणून तुम्हाला सांगते.

पुढं दोन-तीन वर्षांनी ती पाहुण्यांना घेऊन भिगवणकडं पक्षी दाखवायला आली होती, तेव्हा वाट वाकडी करून मानसिंगला भेटून गेली. तिच्याकडूनच कळलं, ओनुकी मायदेशी परतले होते. मंत्रिपद मिळालं नाहीच. शेवटची निवडणूक त्यांनी लढवली. त्या प्रचारात त्यांनी बहिणीचं नाव एकदाही काढलं नाही. लोक वाट बघायचे, म्हातारा आता सांगेल, आता सांगेल, आणि ते बोगद्याच्या दुरुस्तीबद्दल बोलून खाली उतरायचे. निवडणुकीत पडले. नंतर लवकरच वारले. मानसिंग ऐकून म्हणाला, "बरं केलं त्यांनी." निवडणुकीबद्दल म्हणाला की मरणाबद्दल, ते वैष्णवीनं विचारलं नाही.

मी मात्र राबले. मानसिंगनं पुन्हा कधी कुणाला विचारलं नाही. माणूस दारात आला की मी रस्त्याला लागायचे. बाळंतिणी, मोटारीखाली आलेली माणसं, विषारी औषध पोटात गेलेली पोरं, सगळी नेली. काही वाचली. डाळजपाशी हायवेवर माझ्या पोटात एक मुलगी जन्मली, तेव्हा दादासाहेबांनी पेढे वाटले आणि माझं कौतुक पेपरात आलं. फक्त स्वतःच्या घरावरून जाताना मानसिंग भोंगा बंद करायचा. तरी माझा आवाज ओळखून तानूबाई दार लावून घ्यायची. मग माझा एक भाग मोडला, तो इथं मिळेना. जपानहून मागवू म्हणाले. आज मागवू, उद्या मागवू करता करता मला ढकलत चिंचेखाली आणलं. मानसिंगनं नोकरी सोडली. आता तो दुसऱ्याच्या मळ्यात पाणी धरतो आणि इकडं फिरकत नाही.

मित्रांनो, माझी दुरुस्ती करा असं मी तुम्हाला म्हणत नाही. माझं झालं तेवढं झालं. पण मागच्या आठवड्यात माझ्या जुन्या शेडमध्ये नवी रुग्णवाहिका आली. कोरी, पांढरी. तिच्या सीटांवर प्लॅस्टिक आहे आणि समोर फीत बांधली आहे. कुणी मोठे साहेब येणार आहेत, तारीख अजून ठरायची आहे. नवा ड्रायव्हर रोज सकाळी इंजिन चालू करतो आणि बंद करतो. चिंचेखालून मला तो आवाज येतो. तुमच्यापैकी कुणाचा बाप, काका, मामा असल्या गाडीवर असेल तर घरी जाऊन त्यांना आजच सांगा, की किल्ली तुमच्या खिशात आहे, कुणाला विचारायला जाऊ नका. आणि ते कुणी सांगितलं असं विचारलं तर छकुलीचं नाव सांगा.